‘केंद्र’ फुटत नसते

अणूच्या न्यूक्लिअसला मराठीत ‘केंद्र’ म्हणावे की ‘केंद्रक’, असे एका वाचकाने विचारले आहे. केंद्रकच म्हणावे. केंद्र हा भूमितीतला बिंदू, त्याला ना आकार ना वस्तुमान. रदरफर्ड यांनी १९११ साली ज्या गाभ्याचे अस्तित्व मांडले, तो व्यासाने अणूच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान असला, तरी अणूचे ९९.९ टक्क्यांहून अधिक वस्तुमान त्यातच असते. सोन्याच्या अणूत तेथे ७९ प्रोटॉन आणि ११८ न्यूट्रॉन दाटीवाटीने बसलेले असतात. ‘अणूचे केंद्र फुटते’ हे वाक्य व्याख्यानांत वारंवार कानी पडते, पण बिंदू फुटेल कसा? मराठी विश्वकोशाने ‘अणुकेंद्रीय’ असे रूप रूढ केले, हे मला मुळीच पटलेले नाही. पाठ्यपुस्तकांनी ‘केंद्रक’ घेतला, हे बरे झाले. तेथला ‘क’ लघुत्व दाखवतो, एवढे सांगितले की पुरे.

खरी गंमत ‘केंद्र’ या शब्दातच आहे, कारण तो मुळी संस्कृत नाहीच. ग्रीक ‘केंट्रॉन’ म्हणजे टोचणारे अणकुचीदार टोक, बैलाला टोचायच्या पराणीचेसुद्धा. वर्तुळ काढताना कंपासचा टोकदार पाय कागदात रुततो आणि दुसरा त्याच्याभोवती फिरतो. त्या टोचलेल्या जागेला ग्रीकांनी हेच नाव दिले आणि ज्योतिषाच्या वाटेने ते आपल्याकडे आले. काही पंडित संस्कृत धातूंची ओढाताण करून ‘केंद्रा’ची व्युत्पत्ती सिद्ध करू पाहतात. त्यांनी पत्रिकेतील केंद्रस्थानांच्या, म्हणजे पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या स्थानांच्या, शेजारच्या स्थानांना दिलेल्या ‘पणफर’ आणि ‘आपोक्लिम’ या दोन नावांचे धातूही कृपा करून सांगावेत. हे दोन्ही शब्द ‘एपानाफोरा’ आणि ‘आपोक्लिमा’ या ग्रीक संज्ञांवरून आले आहेत आणि ‘केंद्र’ धरून तिघेही ज्योतिषी वराहमिहिराच्या ग्रंथांत एकत्र नांदतात. माझे तर असे मत आहे की, बोर यांच्या १९१३ च्या अणूच्या प्रतिमानात इलेक्ट्रॉन ठरावीक कक्षांत फिरताना पाहून त्या जुन्या ग्रीक भूमितिकाराला आपला रुतलेला पाय लगेच ओळखू आला असता.

हिंदीने मात्र चाकाच्या मधल्या भागाला म्हणतात तो ‘नाभि’ शब्द घेऊन ‘नाभिक’ केला. तो अस्सल संस्कृत आहे, हे मान्य. पण त्यात ग्रीकांची पराणी नाही.