पानशेतच्या घराचं भाडं घ्यायचं कसं?

प्रश्न: सर नमस्कार. आम्ही कोथरूडला राहतो, पानशेतच्या अलीकडे आमचं छोटं घर आहे, दोन बेडरूम, पुढे ओटा, मागे थोडी बाग. मिस्टर रिटायर झाले की तिकडेच जाऊन राहायचं ठरलं होतं पण ते काही जमलं नाही, म्हणून आता शनिवार-रविवार भाड्याने देतो. ओळखीतले लोक यायचे तोवर ठीक होतं, निघताना पाकीट द्यायचे नाहीतर जीपे करायचे. आता ओळखीच्या ओळखीतले येतात. मागच्या महिन्यात एक ग्रुप "काकू, इथे रेंज नाहीये, पुण्यात पोचलो की टाकतो" म्हणून निघाला तो अजून पोचतोच आहे. मुलगा म्हणतो पेमेंट गेटवे (कार्डाने वगैरे ऑनलाइन पैसे घ्यायची सेवा) घे, भाचा म्हणतो एअरबीएनबीवर (घरं भाड्याने द्यायची साइट) टाक, मिस्टर म्हणतात कॅशच बरी. रात्रीचे ८ हजार घेतो, महिन्याला तीन-चार बुकिंग होतात, बहुतेक दोन रात्रींची. काय करावं? आणि जीएसटीची भानगड आहे का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर: ताई, तो ग्रुप बहुतेक खडकवासल्याला कणीस खात बसलाय, त्याची वाट बघू नका.

तुमच्या घरात मुलगा, भाचा आणि मिस्टर तिघंही पैसे कशाने घ्यायचे यावर भांडतायत, पण तुमचे पैसे बुडाले ते निघताना घेतले म्हणून. एकदा माणूस राहून, जेवून, गाडीत बॅगा टाकून बसला की तुमच्या हातात काही उरत नाही, मग गेटवे असो की पाकीट. त्यामुळे आधी हे बदला. तारीख पक्की करताना निम्मे, उरलेले शुक्रवारी संध्याकाळपर्यंत, आणि पैसे खात्यात दिसल्यावरच केअरटेकरला फोन करून चावी द्यायला सांगायचं. दोन्ही वेळा तुम्हीही पुण्यात आणि गेस्टही घरी, म्हणजे रेंजचं कारण आपोआप संपलं. पहिल्यांदा मागताना जड जातं, मलाही गेलं होतं, पण लोक सिनेमाचं तिकीट आधी काढतात की.

आता कशाने. महिन्याला तीन-चार बुकिंगला साधं यूपीआय पुरतं. यूपीआयवर दुकानदाराकडून घ्यायचं शुल्क जानेवारी २०२० पासून शून्य आहे, त्यामुळे १६ हजार पाठवले की १६ हजारच येतात. फक्त ते तुमच्या पेन्शनच्या खात्यावर घेऊ नका. वेगळं खातं काढा, त्याचाच क्यूआर पाठवा. कारण सांगतो. गेस्टने पाठवलेला पैसा मुळात कुठल्यातरी ऑनलाइन फसवणुकीतला निघाला तर सायबर पोलिसांकडे तक्रार झाल्यावर तो जिथे जिथे गेला ती रक्कम, कधीकधी अख्खं खातं होल्डवर टाकलं जातं, तुमची काही चूक नसली तरी. मग बँकेत जाऊन हा पैसा भाड्याचा आहे हे दाखवत बसायचं. त्या वेळी बुकिंगचं व्हॉट्सअ‍ॅप चॅट आणि गेस्टच्या ओळखपत्राची कॉपी कामाला येते, म्हणून ते डिलीट करू नका (आधार मागाल तर मास्क्ड, म्हणजे शेवटचे चारच आकडे दिसणारं मागा, पूर्ण नंबरची आपल्याला गरज नसते). आणि निदान त्या काळात लाइट बिल आणि औषधांचे पैसे तरी दुसऱ्या खात्यातून जात राहतील.

स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवायचा नाही. हे मी शहाणपणाने नाही, ९ हजार घालवून सांगतोय. माझी मुळशीकडे एक खोली आहे, दिवाळीच्या सुट्टीत एक जोडपं आलं, मी गेटवरच उभा होतो, त्याने फोन पुढे केला, हिरवी टिकची खूण, माझं नाव, रक्कम, सगळं बरोबर. माझ्या फोनला एक काडी रेंज. मी म्हटलं या या, चहा घेणार का. सोमवारी बँकेचं अ‍ॅप उघडलं तर काही नाही, आणि त्याचा फोन बंद. असले खोटे स्क्रीन बनवून देणारी अ‍ॅप असतात हे मला नंतर मुलीने सांगितलं. आता मी १२ आकडी यूपीआय रेफरन्स नंबर मागतो आणि माझ्याच बँकेच्या अ‍ॅपमध्ये तो शोधतो. मेसेजवर पण जाऊ नका, मेसेजही खोटा येतो.

अजून एक नमुना तुम्हाला नक्की भेटेल. फोन येतो, हिंदीत, मी आर्मीत आहे, फॅमिलीसाठी घर हवंय, भावात घासाघीस अजिबात नाही (इथेच कान टवकारायचे), पेमेंट आमच्या ऑफिसच्या पद्धतीने होईल, आधी तुम्ही १ रुपया पाठवा, मग हा क्यूआर स्कॅन करा. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिन तर कधीच टाकावा लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. तसंच "चुकून २० हजार जास्त गेले, या दुसऱ्या नंबरवर परत करा" म्हटलं तर आधी खातं बघा, आणि खरंच आले असतील तरी ज्या खात्यातून आले तिथेच परत. चुकून फसलातच तर लगेच १९३० ला फोन, जितका लवकर तितकी रक्कम वाटेत अडवता यायची शक्यता जास्त.

एक गोष्ट मात्र खरी असते. गेस्ट म्हणाला, नवीन फोन घेतलाय, ५ हजारच्या वर जातच नाहीये, तर तो थापा मारत असेलच असं नाही, नवीन यूपीआय चालू केल्यावर पहिले २४ तास तेवढीच मर्यादा असते. नेटबँकिंगने पाठवा म्हणायचं, एनईएफटी आता रात्री आणि सुट्टीलाही चालतं.

मुलाचा गेटवे. वाईट नाही, पण हिशोब बघा. साधारण २ टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी धरला तर १६ हजारांवर ३२० अधिक ५७ रुपये ६० पैसे, म्हणजे पावणेचारशेच्या वर गेले. बुकिंग रद्द झालं आणि तुम्ही पूर्ण पैसे परत केले तरी ते शुल्क सहसा परत मिळत नाही. शिवाय कार्डवाला नंतर बँकेकडे तक्रार करून पैसे मागे खेचू शकतो, मग पुरावे तुम्हीच द्यायचे. ज्यांना क्रेडिट कार्डनेच द्यायचंय, कंपनीचं बुकिंग आहे, परदेशातून पैसे येणार आहेत, असे गेस्ट वाढले की घ्या. आज नको.

भाच्याचं एअरबीएनबी अनोळखी लोकांसाठी मला पटतं. पैसे तिकडे आधीच जमा होतात आणि गेस्ट आल्यावर साधारण २४ तासांनी तुमच्याकडे सुटतात, त्यामुळे "पुण्यात पोचून टाकतो" हा विषयच नाही. ते त्यांचं कमिशन कापतात, ते भाव ठरवताना धरा. फक्त तिथे भेटलेल्या गेस्टला "डायरेक्ट द्या, थोडं कमी करते" म्हणायचं नाही, त्यांच्या नियमात ते बसत नाही आणि लिस्टिंग जाऊ शकतं. माझ्या मते ओळखीतल्यांना यूपीआय, अनोळख्यांना तिथून, आणि तारखा लिहायला भिंतीवरचं एकच कॅलेंडर.

मिस्टरांच्या कॅशला माझा विरोध नाही पण ती केअरटेकरच्या हातात पडते, त्याच्याकडे सुटे नसतात, मग "पाचशे नंतर देतो" वगैरे सुरू होतं आणि उगाच चांगल्या माणसावर संशय येतो. कॅश घेतलीच तर त्याच्याजवळ पावतीपुस्तक ठेवा.

जीएसटी. सेवेला वर्षाची मर्यादा २० लाख आहे. महिन्याला चार बुकिंग, दोन-दोन रात्री, म्हणजे ६४ हजार, वर्षाचे पावणेआठ लाखाच्या आसपास, तेव्हा एवढ्यासाठी नोंदणी लागत नाही आणि पावतीवर जीएसटी लावायचाही नाही. पण ही मर्यादा पॅनवर मोजतात. घर मिस्टरांच्या नावावर आणि ते त्याच पॅनवर कन्सल्टन्सी करत असतील तर दोन्हीची बेरीज होते, हे सीएला विचारा. इन्कम टॅक्समध्ये मात्र हे भाडं दाखवायचंच, तिथे २० लाख वगैरे काही नाही.

डिपॉझिट २ हजार घ्या, जास्त नको, आणि रविवारी केअरटेकरने गाद्या, गीझर, बाथरूमचा नळ बघून फोन केला की त्याच संध्याकाळी परत करा, लोक त्यावरून पुन्हा येतात. रद्द केल्यावर किती परत मिळणार हे क्यूआर पाठवायच्या आधी चॅटवर दोन ओळींत लिहा आणि समोरच्याचं "ओके" आल्याशिवाय क्यूआर पाठवू नका. मी लिहितो ते असं: "७ दिवस आधी रद्द केल्यास पूर्ण परत, त्यानंतर निम्मे, आदल्या दिवशी काही नाही. पावसामुळे रस्ता बंद झाला तर तारीख बदलून मिळेल." शेवटचं वाक्य तुमच्या रस्त्याला जुलैमध्ये लागेलच.