'फ्रायश्टेटन'ला मराठीत 'तळ' म्हणावं का?

प्रश्न असा आहे: बेसबॉलच्या उगमावरचा मजकूर मराठीत आणताना १७९६च्या जर्मन पुस्तकातल्या 'फ्रायश्टेटन'साठी 'तळ' (इंग्रजी 'बेस'चा शब्दशः अर्थ) चालेल का?

माझ्या मते नाही. 'तळ' म्हटलं की विमानतळ किंवा लष्कराचा मुक्काम डोळ्यांपुढे येतो. 'फ्राय' म्हणजे मुक्त आणि 'श्टेटं' म्हणजे जागा, म्हणून फ्रायश्टेटन म्हणजे आश्रयाच्या जागा. तिथे पाय टेकला की धावणाऱ्याला बाद करता येत नाही. चल्लस आठमध्ये फुलीच्या घरातली सोंगटी मारता येत नाही, तेच हे. त्यामुळे 'अभयस्थान' किंवा 'अभयघर' नेमकं बसतं. आजच्या खेळाबद्दल लिहिताना मात्र सरळ 'बेस' ठेवावं.

हे पुस्तक जर्मनीतल्या श्नेप्फेनथालच्या शाळेतले व्यायामशिक्षक गुट्सम्यूट्स यांचं. त्यातल्या खेळात बॅट जेमतेम दोन फुटांची, चेंडू टाकणारा पाच-सहा पावलांवर, टोलवायला तीन संधी आणि एक जण बाद झाला की अख्खा डाव संपला. बेसबॉलचे छापील नियम म्हणून आज माहीत असलेले सर्वांत जुने ते हेच. पण म्हणून 'बेसबॉल मूळचा जर्मन' असं लिहू नका. गुट्सम्यूट्स स्वतःच त्याला 'इंग्रजी बेसबॉल' म्हणतात आणि 'जर्मन चेंडूखेळ' वेगळा देतात. इंग्लंडात हा शब्द १७४४मध्येच छापलेला सापडतो. अमेरिकेतल्या कूपर्सटाउनला १८३९ साली खेळ जन्मल्याची कथा मात्र या दोन्ही तारखांपुढे टिकत नाही.

श्लागबाल या जर्मन चेंडूखेळात ('श्लाग' म्हणजे टोला) अशाच जागेसाठी 'माल' हा शब्द येतो. त्याचा अर्थ 'खूण', म्हणजे मैदानावर जे दिसतं ते. 'फ्रायश्टेटं' मात्र तिथे काय मिळतं ते सांगतो. दोन्हींना एकच मराठी शब्द दिला तर हा फरक पुसला जातो.

आणखी एका ठिकाणी हमखास घसरायला होतं. जर्मनीत आजही खेळल्या जाणाऱ्या ब्रेनबालमध्ये 'फरब्रांट', म्हणजे 'जळाला', असं ओरडतात. आबाधुबीच्या सवयीने आपण त्याचं 'शेकला' करून टाकतो. पण शेकताना चेंडू अंगावर बसावा लागतो. इथे चेंडू ठरलेल्या जागी परत पोचला, तेव्हा जो दोन अभयस्थानांच्या मध्ये सापडला तो जळाला; अंगाला चेंडू लागायची गरजच नाही. 'शेकणे' राखून ठेवावं ते धावणाऱ्याला चेंडू फेकून मारण्यासाठी, जी रीत न्यूयॉर्कच्या निकरबॉकर या बेसबॉल क्लबने १८४५च्या नियमांत बंद केली.