वाचक विचारतात : वाडीची वर्गणी आणि अरब देशांतील सायबर कायदे

प्रश्न : माझे यजमान शारजात नोकरीला आहेत. पावसात आमच्या वाडीचा साकव (ओढ्यावरचा लहान पूल) वाहून गेला. त्यासाठीच्या वर्गणीचे आवाहन त्यांनी तिथल्या कोकणी मंडळींच्या व्हॉट्सअॅप गटांवर टाकावे, असा गावकऱ्यांचा आग्रह आहे. हा तिथे गुन्हा ठरतो का? पुढे ते सौदी अरेबियात दम्मामला जाणार आहेत. सगळ्या अरब देशांत कायदा एकच असतो का?
– एक वाचक, ता. खेड, जि. रत्नागिरी

उत्तर : आवाहन त्यांनी टाकू नये. संयुक्त अरब अमिरातीत अफवा व सायबर गुन्ह्यांविरुद्धचा २०२१ चा कायदा जानेवारी २०२२ पासून लागू आहे, आणि त्यानुसार परवान्याशिवाय ऑनलाइन देणग्या मागणे हा गुन्हा आहे. काम कितीही चांगले असले, तरी परवान्याची अट त्यामुळे सुटत नाही.

याच कायद्यात खासगीपणाचे कलम आहे आणि आपल्या माणसांना त्याचाच धोका मला अधिक वाटतो. खोलीतल्या सोबत्याचा फोटो त्याला न विचारता काढून गावाकडे पाठवणे आपल्याला किरकोळ वाटते. तिथे त्यासाठी किमान सहा महिन्यांचा तुरुंगवास, दीड लाख ते पाच लाख दिरहम दंड किंवा दोन्ही होऊ शकते. रागाच्या भरात पाठवलेल्या शिवीगाळीच्या व्हॉइस मेसेजवरूनही तक्रार होते, आणि परदेशी व्यक्ती दोषी ठरल्यास तिला हद्दपार करण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते.

कायदा मात्र सगळीकडे एक नाही. माहिती तंत्रज्ञानविषयक गुन्ह्यांबाबत अरब देशांचा एक करार कैरो येथे डिसेंबर २०१० मध्ये झाला; परंतु गुन्ह्याची व्याख्या आणि शिक्षा प्रत्येक देश स्वतःच्या कायद्याने ठरवतो. सौदी अरेबियाचा कायदा २००७ चा, ओमानचा २०११ चा, कतार व बहरीनचे २०१४ चे, कुवेतचा २०१५ चा. इजिप्तने २०१८ मध्ये कायदा केला, तर जॉर्डनने आपला जुना कायदा बदलून २०२३ मध्ये नवा आणला.

हॅकिंग, बँक खात्यातील फसवणूक, खंडणी यांबाबत हे कायदे बरेच सारखे आहेत, आणि ते हवेतच. अडचण आहे ती सैल शब्दांची. दम्मामला जाण्यापूर्वी आपल्या यजमानांनी सौदी कायद्याचे सहावे कलम समजून घ्यावे : सार्वजनिक सुव्यवस्था, धार्मिक मूल्ये, सार्वजनिक नीतिमत्ता किंवा खासगीपणा यांना बाधा आणणारा मजकूर तयार करणे वा पाठवणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद व तीस लाख रियालपर्यंत दंड, यांपैकी एक किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. कोणता मजकूर सुव्यवस्थेला बाधक, हे ठरवण्यास तिथे फार मोठा वाव उरतो. ट्युनिशियाच्या २०२२ च्या ५४ क्रमांकाच्या अध्यादेशात खोट्या बातमीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. त्याचा वापर पत्रकार व वकिलांविरुद्ध झाला आणि त्यावर मानवाधिकार संघटनांनी तीव्र आक्षेप घेतले. ते आक्षेप मला रास्त वाटतात. तथापि नोकरीसाठी गेलेल्या माणसाला कायदा बदलण्याची वाट पाहता येत नाही, म्हणून धर्म, राजकारण आणि तिथले राज्यकर्ते यांविषयीचे फॉरवर्ड आपणही गावाहून त्यांना पाठवू नयेत.

साकवासाठी यजमानांनी स्वतःची रक्कम अधिकृत एक्स्चेंजमधून आपल्या घरच्या खात्यावर पाठवावी आणि आपण ती ग्राममंडळात भरून पावती घ्यावी. आवाहन मंडळाने इथल्या गावकऱ्यांपुरतेच ठेवावे.