दहा मिनिटांचा खेळ, मुलाच्या मनासारखा

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच गोष्टीभोवती फिरतात: मुलांसोबत खेळायची इच्छा आहे, पण बसलं की काहीतरी बिनसतं. त्यातले पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

मुलगा साडेचार वर्षांचा आहे. मी संध्याकाळी सातला घरी येते आणि रोज त्याच्याशी खेळायला बसते. पण थोड्याच वेळात तो चिडतो, नाहीतर उठून टीव्हीसमोर जातो. काय चुकतंय? (एक आई, ठाणे)

तुम्ही रोज बसता, म्हणजे अवघड भाग झालेला आहे. आता बसल्यावर काय बोललं जातं तेवढं तपासून बघा. मूल ठोकळे रचत असतं आणि आपण विचारतो, ‘हा कुठला रंग? किती झाले मोज बरं. हा मोठा खाली ठेव ना.’ मोठ्यांना हा खेळ वाटतो, मुलाला तोंडी परीक्षा. त्याच्या डोक्यात त्या ठोकळ्यांची रेल्वे चाललेली असते. प्रत्येक प्रश्नाला ती थांबते आणि चार-पाच वेळा थांबली की त्याचा रस जातो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ शीला आयबर्ग यांनी १९७० च्या दशकात पालक आणि मुलांसाठी एक उपचारपद्धती उभी केली. तिच्या पहिल्या टप्प्यात आईवडिलांना घरी रोज फक्त ५ मिनिटं खेळायला सांगतात, अट एकच: खेळ मूल चालवणार. प्रश्न, सूचना आणि दुरुस्ती या तीन गोष्टी तेवढ्या वेळापुरत्या बंद. ही पद्धत मुळात वागणुकीच्या तक्रारी असलेल्या मुलांसाठी आहे, पण तिचा हा भाग कुठल्याही घरात चालतो. तुम्ही ५ पासून सुरू करा, जमलं की १० मिनिटं करा.

घरात पाऊल टाकल्या टाकल्या बसू नका. हातपाय धुवा, चहा घ्या, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. मग त्याला घड्याळ दाखवून सांगा, ‘मोठा काटा सहावर येईपर्यंत मी फक्त तुझ्याशी खेळणार.’ जमिनीवर त्याच्या समोर किंवा शेजारी बसा. दोन-तीनच वस्तू काढा, अख्खी टोपली ओतलीत तर तो नुसता उचकापाचक करेल. ठोकळे, भातुकली, छोट्या गाड्या, मळलेलं पीठ चांगलं. पत्ते, चेंडूफेक, रंगकाम या दहा मिनिटांत नको, कारण त्यात ‘असं नको, तसं कर’ म्हणावंच लागतं.

आता बोलायचं काय? तो करतोय ते साध्या वाक्यात सांगायचं: ‘तू पुलाखालून गाडी नेलीस.’ तो म्हणाला, ‘ही गाडी नाशिकला चालली’, तर तुम्ही म्हणा, ‘अच्छा, नाशिकला चालली.’ कौतुक करायचं तर नेमकं करा. ‘शाब्बास’पेक्षा ‘पडलेला मनोरा तू परत उभा केलास’ हे त्याला जास्त पोचतं. मात्र सतत बोलू नका, मिनिटाला चार-पाच वाक्यं खूप झाली. बाकी वेळ त्याच्यासारखंच काहीतरी रचत बसा.

त्याने ठोकळा आपटला तर लक्ष आपल्या ठोकळ्यांकडे वळवा, तो पुन्हा नीट खेळू लागला की लगेच त्याच्याकडे वळा. मारलं किंवा चावलं, तर ‘आज खेळ थांबला, उद्या खेळू’ एवढंच सांगून उठा. संपायच्या २ मिनिटं आधी कल्पना द्या आणि पुढचं काम तयार ठेवा, जसं मटार सोलणं किंवा ताटं मांडणं. खेळ संपल्यावर समोर काहीच नसेल तर रडणं ठरलेलं.

एक गोष्ट आवर्जून: दिवसभरात त्याने कितीही त्रास दिला असला तरी ही दहा मिनिटं शिक्षा म्हणून कापू नका. ज्या दिवशी सगळं बिनसलेलं असतं त्याच दिवशी त्यांची सर्वांत जास्त गरज असते.

पीठ घरी करायचं असेल तर २ वाट्या मैदा, १ वाटी मीठ, २ चमचे तेल. पाणी साधारण पाऊण वाटी, पण एकदम ओतू नका, लागेल तसं घालत मळा. रंगाला बीटाचा रस चालतो. हळदीचे डाग कपड्यांवरून निघत नाहीत. घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये ठेवलं तर आठवडाभर टिकतं. पावसाळ्यात ते चिकट होतं, कारण मीठ हवेतली ओल ओढून घेतं. अशा वेळी मूठभर कोरडा मैदा घालून पुन्हा मळा. मीठ भरपूर असल्याने हे पीठ पोटात जाऊ देऊ नका. अजून सगळं तोंडात घालणारं भावंड घरात असेल, तर साधी कणीकच द्या.

नातू सात वर्षांचा. मी त्याला चल्लस आठ शिकवलं, पण हरायला लागला की पट उधळतो. मी मुद्दाम हरावं का? (एक आजी, सातारा)

मुद्दाम हरू नका. सात वर्षांच्या मुलाच्या ते लक्षात येतं आणि मग खरी जिंकही त्याला खोटी वाटायला लागते. खेळ मात्र तुम्ही अगदी योग्य निवडला आहे. बुद्धिबळात किंवा कॅरममध्ये सराव असलेला मोठा माणूस जिंकतच राहतो. चल्लस आठमध्ये दान कवड्यांचं असतं, त्यामुळे आजी आणि नातू जवळजवळ बरोबरीत खेळतात.

भांडणाचं पहिलं कारण बहुधा नियम असतात, कारण हा खेळ घराघरांत वेगळा खेळला जातो. म्हणून आधी नियम कागदावर लिहून त्याच्याकडून वाचून घ्या. साधारण रीत अशी: पाच बाय पाच घरांचा पट, चारही बाजूंची मधली चार घरं आणि मधोमधचं घर यांवर फुली. चार कवड्या टाकायच्या. जितक्या उताण्या तितकं दान, चारही उताण्या म्हणजे चल्लस (४), चारही पालथ्या म्हणजे आठ. या दोन्ही दानांना पुन्हा टाकायला मिळतं. सोंगट्या बाहेरच्या १६ घरांतून फिरून आतल्या ८ घरांत उलट दिशेने जातात आणि मग मधल्या घरात पोचतात. फुलीच्या घरात सोंगटी मारता येत नाही. आत शिरण्याआधी एक तरी सोंगटी मारलेली हवी, ही ‘तोडी’ची अट बऱ्याच घरांत असते. लहान मुलासोबत पहिले काही दिवस ती वगळा, नाहीतर तो बाहेरच गोल गोल फिरत राहतो आणि वैतागतो.

कवड्या नसतील तर दोन चिंचोके खरबरीत फरशीवर घासून उभे अर्धे करा. चार फोडी मिळतील, पांढरी बाजू वर म्हणजे उताणी. हे घासायचं काम नातवालाच द्या, मुलांना ते मनापासून आवडतं.

दुसरं कारण खेळाची लांबी. चारऐवजी दोन-दोन सोंगट्या घ्या. डाव लवकर संपतो, एक हरला तरी दुसरा मांडता येतो. घरात चौघं असतील तर तुम्ही आणि नातू एका बाजूला खेळा. मग सोंगटी मेली तरी दुःखाला जोडीदार असतो.

आणि सर्वांत उपयोगी गोष्ट तुमच्याच हातात आहे. तुमची सोंगटी मधल्या घराच्या तोंडाशी मारली गेली की मोठ्याने म्हणा, ‘अरे देवा, पोचतच आली होती. फार वाईट वाटलं मला. बघू, आता दान कसं पडतंय.’ हरल्यावर वाईट वाटतं आणि तरी खेळ चालू राहतो, हे त्याला उपदेशातून कळणार नाही, तुमच्याकडे बघून कळेल. पट उधळलाच तर दोघं मिळून सोंगट्या गोळा करा, त्या दिवशीचा खेळ संपवा आणि दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी पट पुन्हा मांडा. लपवून ठेवू नका.

मुलगी नऊ वर्षांची, मुलगा तीनचा. दोघांना एकत्र खेळवायचं तर ती म्हणते, ‘हा सगळं बिघडवतो.’ (एक वडील, कोल्हापूर)

ती खरं बोलते आहे. नियमांचा खेळ तीन वर्षांच्या मुलाला पेलत नाही. गल्लीतल्या मुलांनी यावर फार पूर्वीच उपाय काढला आहे: लिंबूटिंबू. तो खेळात असतो, पळतो, ओरडतो, पण बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. लपंडाव, लगोरी, डब्बा ऐसपैस या सगळ्यांत हे चालतं. लपंडावात तो तुमच्यासोबत लपू दे. लगोरीत पडलेल्या ठिकऱ्या गोळा करून आणायचं काम त्याचं.

पण रोज तडजोड मुलीनेच करायची असं होऊ देऊ नका. दिवसातली दहा-पंधरा मिनिटं तिच्या एकटीची हवीत, तो झोपल्यावर किंवा दुसरं कुणी त्याला फिरवत असताना. तेव्हा नियमांसकट पूर्ण खेळ खेळा. आणि सागरगोटे, कवड्या, चिंचोके, सोंगट्या खेळ झाल्यावर मोजून डब्यात भरा, डबा उंचावर ठेवा. तीन वर्षांच्या आतबाहेरच्या मुलाच्या घशात या वस्तू अडकू शकतात. खेळण्यातले गोल बटण सेल त्याहून धोक्याचे. असा सेल गिळल्याचा नुसता संशय आला तरी वाट न बघता दवाखाना गाठा.

बाबा घरी आले की पाच वर्षांच्या मुलीला उचलून फिरवतात, गुदगुल्या करतात. ती हसते, पण कधी कधी शेवट रडण्यात होतो. थांबवावं का? (एक आई, छत्रपती संभाजीनगर)

थांबवू नका, दंगामस्ती मुलांना हवी असते. पण गुदगुल्यांत हसू आपोआप येतं, म्हणून ती हसते यावरून तिला मजा येते आहे असं धरता येत नाही. एक खूण ठरवा: ‘बस’ म्हटलं किंवा तळहात दाखवला की बाबांचे हात त्याच क्षणी मागे. ती पुन्हा हात खेचून बोलावेल तेव्हाच पुढे. हे बाबांनी न चुकता पाळलं तर रडणं बहुधा थांबेल.

मनगटाला धरून गरगर फिरवणं मात्र बंदच करा. लहान मुलांचं कोपराचं हाड अशा हिसक्याने जागचं सरकतं. उचलायचं तर काखेत हात घालून. आणि हे सगळं जेवणाआधी. झोपायच्या तोंडावर केलं तर तिला शांत व्हायला वेळ लागतो.

मी मस्कतला नोकरीला आहे. मुलगी वीस महिन्यांची. व्हिडिओ कॉलवर ती दोन मिनिटांत निघून जाते. (एक वडील)

या वयाला दोन मिनिटं कमी नाहीत, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. ‘बाबांना हाय कर, पापी दे’ असा आग्रह मात्र घरच्यांनी सोडावा. बोलायचं काय हे तिला कळत नाही, करायचं काय हे कळतं.

दोन्हीकडे सारख्या वस्तू ठेवा: एक वाटी, एक चमचा, एक रुमाल. फोन हातात न धरता डब्याला टेकवून तिच्या डोळ्यांच्या उंचीवर उभा करा. तुम्ही वाटी वाजवा आणि थांबा. आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो, शिवाय तिलाही वेळ लागतो, म्हणून मनात पाच आकडे मोजा. तिने वाजवली की तुम्ही पुन्हा. रुमालाआड तोंड लपवून ‘भो’ करा. आपडी-थापडीही चालेल, फक्त तुमच्या हातांच्या जागी तिच्यासमोर आजीचे किंवा आईचे हात हवेत. रोज तोच खेळ त्याच क्रमाने घ्या. तुम्हाला कंटाळा येईल, तिला येणार नाही. मस्कतचं घड्याळ दीड तास मागे आहे, तेव्हा तिची झोप झालेली आणि पोट भरलेलं असेल अशी वेळ घरच्यांना विचारून पक्की करा.

ती उठून गेली तर फोन तिच्यामागे पळवू नका. आईने आपलं काम तिथेच चालू ठेवावं, फोन जागेवर राहू द्यावा. बरीच मुलं फिरून परत येतात आणि येताना काहीतरी दाखवायला आणतात. तिने आणलेल्या वस्तूचं नाव घ्या आणि पुढचा खेळ त्याच वस्तूचा करा.