कोकणात घर बांधतोय: चिरा घेऊ की एएसी ब्लॉक?

रत्नागिरीजवळ गावात 900 चौरस फुटांचं एकमजली घर, चिऱ्याची, म्हणजे जांभा दगडाच्या कापीव ठोकळ्यांची, खाण 12 किलोमीटरवर, आणि ठेकेदार म्हणतो की पर्यावरणाचा विचार असेल तर दीडशे किलोमीटरवरून एएसी ब्लॉक, म्हणजे वाफेवर पक्के केलेले हलक्या काँक्रीटचे ठोकळे, आणा. तुमचा प्रश्न एवढाच आहे, तर माझं उत्तर चिरा.

ब्लॉक वाईट नाहीत. त्यांत औष्णिक वीज केंद्राची राख वापरली जाते आणि ते हलके असल्यामुळे तीन-चार मजली इमारतीत लोखंडाची बचत होते. पण एकमजली घराच्या भिंती स्वतःच छप्पर पेलतात, तिथे हलकेपणाचा फायदा मिळतच नाही. शिवाय ब्लॉकला सिमेंट, चुना आणि दाबाखालची वाफ लागते. जांभा मात्र नुसता कापायचा, भाजायचा नाही.

खरी काळजी चिरा निवडताना घ्यायची. खाणीतून आणलेले चार-पाच चिरे आठवडाभर कडक उन्हात वाळवा, वजन करा, 24 तास पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा वजन करा. आयएस 3620 या भारतीय मानकानुसार पाणी 12 टक्क्यांपेक्षा जास्त शोषलं जाऊ नये. म्हणजे 30 किलोचा चिरा 33.6 किलोच्या वर गेला तर त्या थराचा माल नको. फोडून बघा: आत पांढरट-पिवळ्या मऊ मातीचे खिसे दिसले, तर दोन पावसाळ्यांत तिथे भोकं पडतात. ताजा चिरा मऊच असतो, हवा-ऊन लागून कडक होतो. म्हणून डिसेंबर-जानेवारीत घेऊन निदान दोन महिने उघड्यावर रचून ठेवा. 14×9×7 इंची चिरा असेल तर 9 इंची भिंतीच्या 100 चौरस फुटांना साधारण 135 लागतात. तुटफूट धरून 145 मागवा.

सिमेंट वाया जातं ते सांध्यांत. गवंडी सवयीने 1:4 माल (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) कालवतो आणि वेडावाकडा चिरा बसवायला इंच-इंच थर देतो. मशीनवर कापलेला, कोन नीट असलेला चिरा घ्या, सांधा 10-12 मिलिमीटरचा ठेवा, माल 1:6 पुरतो. चिरा आधी भिजवून घ्या. कोरडा चिरा मालातलं पाणी ओढून घेतो, मग सांधा बोटाने खरवडला तरी भुगा पडतो. सिमेंट पीपीसी (राख मिसळलेलं) किंवा स्लॅगचं (लोखंडाच्या भट्टीतली मळी मिसळलेलं) घ्या. खाऱ्या हवेत स्लॅगचं जास्त चांगलं. मात्र या सिमेंटची ताकद सावकाश येते, तेव्हा पाणी निदान 10 दिवस मारायचं आणि सेंट्रिंग काढायची घाई करायची नाही.

कोकणातला पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर. त्यामुळे जोतं काळ्या दगडाचं करा, त्यावर ओल अडवणारा काँक्रीटचा थर द्या आणि मगच चिरा सुरू करा. पागोळ्या भिंतीपासून अडीच-तीन फूट लांब पडू द्या. बाहेरून सिमेंटचं प्लास्टर नको, आत अडकलेली ओल ते पापुद्र्यासारखं सोडवते. नुसते सांधे भरा. गिलावा हवाच असेल तर चुन्याचा.

जमिनीलगतचा आणि लिंटेलचा (दारं-खिडक्यांच्या वरचा) काँक्रीटचा पट्टा इंजिनिअरकडून आखून घ्या. कोयनेचा 1967 चा भूकंप याच भागातला, तिथे काटकसर नको.

चिराही निर्दोष नाही, हे मान्य करायला हवं. खाणीमुळे सडे, म्हणजे जांभ्याची उघडी पठारं, पोखरले जातात आणि त्याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत, पावसाळ्यात फुलणाऱ्या दुर्मीळ वनस्पती आहेत. खाणीचा परवाना आणि रॉयल्टीची पावती पाहिल्याशिवाय गाडी भरून घेऊ नका. आणि आधी गावात कुठलं जुनं घर पाडतायत का, ते विचारा. मातीत किंवा चुन्यात बांधलेले चिरे कुदळीच्या टोकाने सांधा मोकळा केला की अख्खे निघतात, पूर्ण कडक झालेले असतात आणि मंगळूरी कौलंही तिथेच मिळतात. कौल बोटाने वाजवून घ्या. बद्द आवाज आला तर ते तडकलेलं आहे. सिमेंटच्या घट्ट मालातले चिरे मात्र घेऊ नका, ते काढतानाच निम्मे फुटतात.