विल्यम्स की कॉर्नेल, इन्व्हेस्टमेंट बँकिंगसाठी कुठलं बरं?

भाच्याला दोन्हीकडे अ‍ॅडमिशन मिळालीये म्हणताय, तर बँकिंगच करायचं असेल तर फक्त नाव ऐकलेलं नाही म्हणून विल्यम्स हे अमेरिकेतलं छोटं कॉलेज सोडू नका. आपल्याकडे नातेवाईक "हे कुठलं बाबा कॉलेज?" विचारणारच, पण वॉल स्ट्रीटवर विल्यम्स, अ‍ॅमहर्स्ट ही नावं मस्त चालतात. जेमतेम 2000 च्या आसपास मुलं, त्यामुळे जुन्या विद्यार्थ्याला मेल टाकला की बरेचदा उत्तर येतं, आणि खरा खेळ त्या ओळखीपाळखीच्या फोनवरच असतो, कारण समर इंटर्नशिपचे अर्ज आता दुसऱ्या वर्षातच सुरू होतात आणि पक्की ऑफर बहुतेक तिथूनच येते. कॉर्नेलला मुलं कितीतरी पट, फायनान्स क्लबात शिरायलाही इंटरव्ह्यू! पण तिथं डायसन या बिझनेस स्कूलमध्ये अकाउंटिंग-व्हॅल्युएशन (कंपनीची किंमत काढणं) वर्गात शिकवतात, विल्यम्सला फायनान्सचा मेजरच (मुख्य विषय) नाही, इकॉनॉमिक्स घ्यायचं नि मॉडेलिंग (कंपनीच्या आकड्यांचं गणित मांडणं) आपलं आपण शिकायचं. क्वांट ट्रेडिंग (गणित-कोडिंगवर चालणारं ट्रेडिंग) डोक्यात असेल तर मात्र मी सरळ कॉर्नेल म्हणेन, कंप्युटर सायन्स तगडं आहे. आणि हो, मेजर स्टेम (सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनीअरिंग, मॅथ्स) यादीत बसतो का ते आधी बघा, नाहीतर ओपीटी, म्हणजे डिग्रीनंतर स्टुडंट व्हिसावर काम करायची परवानगी, 12 महिन्यांत संपतं, स्टेम असेल तर वर आणखी 24 महिने मिळतात, म्हणजे एच-1बी वर्क व्हिसाच्या लॉटरीला जास्त चान्स.