नवोन्मेष, नवप्रवर्तन आणि शिंप्याचं बेतणं

प्रश्न असा आहे: ‘उद्योगातल्या इनोव्हेशनला मराठीत काय म्हणावं? नाविन्यता, नवकल्पना, नवोन्मेष असे सगळेच शब्द वाचनात येतात. आणि त्याच्या जोडीने येणाऱ्या डिझाइनला अभिकल्प म्हणायचं का?’

‘नाविन्यता’ आधी बाजूला ठेवू. ‘नवीन’चं भाववाचक नाम ‘नावीन्य’, त्यातला वी दीर्घ. त्याला पुन्हा ‘ता’ जोडणं म्हणजे ‘सौंदर्यता’, ‘ऐक्यता’ म्हणण्यासारखं. सरकारी कागदांतून हा शब्द इतका रुळला आहे की चूक खटकेनाशी झाली आहे, पण चूक ती चूकच. शिवाय नावीन्य हा वस्तूचा गुण आहे आणि आपल्याला क्रियेचं नाव हवं आहे.

‘नवोन्मेष’ मला मनापासून आवडतो. उन्मेष म्हणजे मिटलेला डोळा उघडणं. निमेष त्याच्या उलट. ‘प्रज्ञा नवनवोन्मेषशालिनी प्रतिभा मता’, म्हणजे नवनवे उन्मेष स्फुरणारी प्रज्ञा तीच प्रतिभा, ही संस्कृत काव्यशास्त्रकार भट्टतौताची व्याख्या काव्यशास्त्र शिकलेल्यांना पाठ असते. पण हा उन्मेष मनात होतो, आणि धंद्यात तेवढ्याने भागत नाही. ‘नवकल्पना’चंही तेच. अर्थतज्ज्ञ शुंपेटर यांनी शोध आणि इनोव्हेशन वेगळे काढले ते याचसाठी: शोध लागला, पण कोणी तो व्यवहारात उतरवलाच नाही, तर अर्थकारणात काहीच हलत नाही. हा अर्थ ‘नवप्रवर्तन’ नेमका पकडतो. प्रवर्तन म्हणजे चालू करणं, गती देणं. ‘धम्मचक्र प्रवर्तन दिन’ म्हणताना आपण तो शब्द त्याच अर्थाने वापरतो.

चाकांच्या बॅगेचं उदाहरण घ्या. १९७० साली बर्नार्ड सॅडो हे बॅगा बनवणाऱ्या एका अमेरिकन कंपनीतले गृहस्थ अरूबाहून कुटुंबासह परतत होते. दोन्ही हातांत जड बॅगा, आणि कस्टमपाशी एक कामगार अवजड यंत्र चाकांच्या फळीवरून सहज ढकलत नेताना त्यांना दिसला. हा नवोन्मेष. चाकही जुनं, बॅगही जुनी. नवीन होतं ते पाहणं. १९७२ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. बॅग आडवी, खाली चार चाकं, ओढायला पट्टा. पण पट्ट्याने ओढलेली बॅग डुगडुगायची, वळणावर कलंडायची. १९८७ मध्ये रॉबर्ट प्लॅथ या वैमानिकाने बॅग उभी केली, चाकं दोनच ठेवली आणि लांब, ताठ दांडा बसवला. बॅग मागे कललेली राहते, तिचा भार चाकांवर पडतो आणि चालणाऱ्याच्या पायात ती येत नाही. आधी विमानातल्या कर्मचाऱ्यांनी ती घेतली, मग त्यांच्या हातात पाहून प्रवाशांनी. आज कोणत्याही विमानतळावर, रेल्वे फलाटावर ती दिसते.

प्लॅथ यांनी केलं ते डिझाइन. इथे आपला मराठी वापर आडवा येतो. ‘साडीवरचं डिझाइन छान आहे’ असं आपण म्हणतो, म्हणजे डिझाइन म्हणजे नक्षी, वस्तू तयार झाल्यावर वरून चढवायची. कारखान्यातल्या बैठकीतही म्हणूनच ‘डिझाइनचं शेवटी बघू’ असं ऐकू येतं. पण दांडा किती लांब आणि चाकं कुठे, हे शेवटी बघायचं नसतंच.

यासाठी आपल्याकडे एक अस्सल क्रियापद आहे: बेतणे. शिंपी आधी माप घेतो, कापड टेबलावर पसरतो, खडूने रेघा मारतो, बाही कुठून निघेल आणि कापड कुठे वाचेल ते ठरवतो. कात्री त्यानंतर. या सगळ्याला तो बेतणं म्हणतो. (‘जिवावर बेतणे’ मधलं बेतणं अर्थाने निराळं.) माणसाचं माप, हातातलं सामान आणि मनातला बेत, तिन्ही त्यात एकत्र येतात. ‘अभिकल्प’ तांत्रिक परिभाषेत ठीक आहे, पण बोलताना जिभेवर येत नाही. नाम म्हणून ‘डिझाइन’ खुशाल ठेवा, क्रियापद मात्र ‘बेतणे’ वापरून पाहा.

म्हणून माझं उत्तर असं: सुचण्याच्या क्षणाला नवोन्मेष म्हणा, ते लोकांच्या वापरात आणण्याला नवप्रवर्तन. दोघांच्या मध्ये बेतणं येतं. सॅडो ते प्लॅथ ही १७ वर्षं तिथेच गेली.